बेल वाजण्याआधी

[दृश्य: सोफ्यावरच्या उशा नीट करणारे हात. मागे घड्याळाची टिकटिक.]

सकाळपासून या उशा तिसऱ्यांदा नीट झाल्या आहेत. मूल दत्तक घेऊ पाहणाऱ्या घरात गृहभेटीच्या दिवशी, म्हणजे घर आणि माणसं मुलासाठी योग्य आहेत का हे बघायला समाजसेविका येते त्या दिवशी, ही लगबग असायचीच. पण कपाटातल्या घड्या कुणी मोजत नाही.

समाजसेविका बघते ते वेगळंच. औषधं कुलपात आहेत का, फिनाइलची बाटली लहानग्या हाताला लागेल का, उंच कपाट भिंतीला पक्कं बसवलंय का. 60 अंश सेल्सिअसचं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून गिझरचा काटाही खाली आणायचा. एकदा गुडघ्यांवर रांगत सगळं घर फिरून या. बरंचसं आपसूक दिसेल.

[दृश्य: टेबलावर फायलींचा ढीग]

ओळखीचे पुरावे, उत्पन्नाचे दाखले, वैद्यकीय तपासणी, पोलीस पडताळणी. वेळखाऊ काम, पण अवघड नाही.

अवघड पुढे आहे.

[दृश्य: दोन खुर्च्या, समोरासमोर]

परदेशातलं मूल दत्तक घेण्याबाबतचा हेग करार 1993 सालचा. अर्जदारांविषयीच्या अहवालात काय हवं, ते त्याचं 15वं कलम सांगतं: ओळख, पात्रता, कुटुंबाची पार्श्वभूमी, आजारांचा इतिहास, सामाजिक परिस्थिती. आणि दत्तक घेण्यामागची कारणं. मूल आपल्याच देशातलं असलं, तरी हा प्रश्न चुकत नाही. का घ्यायचंय?

‘आम्हाला मूल होत नाही म्हणून.’ उत्तर खरं आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. उपचारांत गेलेली वर्षं, दर महिन्याची निराशा, त्या सगळ्याचं काय झालं? दुःख असणं हा काही दोष नव्हे. पण नवरा-बायको त्याबद्दल एकमेकांशी कधी बोललेच नसतील, तर ती पोकळी भरून काढायचं काम नकळत मुलाच्या गळ्यात पडतं.

मुलाखत दोघांची एकत्र होते, बरेचदा वेगवेगळीही. पाठ केलेली उत्तरं तिथे उघडी पडतात. मुलाला दत्तक असल्याचं कधी सांगणार? एकजण म्हणतो, जाण आली की. दुसरी म्हणते, सांगायचंच कशाला? या क्षेत्रातले जाणकार आज एकच सांगतात: पहिल्यापासून सांगा, वयाला झेपेल अशा शब्दांत. मोठेपणी तिऱ्हाइताकडून कळलं, तर मुलाला ती फसवणूक वाटते. तेव्हा हा वाद समाजसेविकेसमोर नको, महिनाभर आधी घरातच होऊ दे. दोनदा झाला तरी चालेल.

लहानपणी तुम्हाला शिक्षा कशी व्हायची? भांडण झालं की आधी कोण बोलतं? एकट्या पालकाला विचारतात, रात्री दोन वाजता ताप चढला तर फोन कुणाला कराल? इथे ‘बघू कुणाला तरी’ चालत नाही, नाव सांगावं लागतं. जुनं नैराश्य, फेडलेलं कर्ज, मोडलेलं पहिलं लग्न यांनी सहसा दार बंद होत नाही. लपवलेलं नंतर उघड झालं, तर मात्र सगळ्याच उत्तरांवर शंका येते.

[दृश्य: तेच घर, काही महिन्यांनी. जमिनीवर ठोकळे, एक उलटा बूट.]

मूल घरी आल्यावरही बहुतेक ठिकाणी भेटी चालू राहतात. आज उशा जमिनीवर आहेत. पोर धडपडतं, रडतं. समाजसेविका वहीतून मान वर करून बघते, ते कुणाकडे धावतं.