राजाचं गाव, राणीचं पाणी

ही रावी नदी. पंजाबच्या मैदानात उतरण्याआधी ती हिमाचल प्रदेशातल्या खोल दरीतून वाट काढते आणि तिच्या उजव्या काठावर, डोंगराच्या पायऱ्यांवर बसलेलं हे शहर म्हणजे चंबा. समुद्रसपाटीपासून उंची साधारण एक हजार मीटर. शहराच्या मध्यावर हिरवळीचं लांबलचक मैदान आहे, त्याला इथे चौगान म्हणतात. शाळेतून सुटलेली मुलं, उन्हात बसलेले म्हातारे, श्रावणात भरणारी मिंजरची जत्रा, सगळं इथेच.

दहाव्या शतकात राजा साहिल वर्मन याने आपली राजधानी वरच्या भरमौरहून इथे आणली. सांगतात की ही जागा त्याच्या मुलीला, चंपावतीला आवडली होती. शहराला नाव तिचंच मिळालं. चौगानजवळ तिचं मंदिरही आहे आणि लोक तिला देवी मानून पूजतात.

आता वर चढूया, लक्ष्मीनारायण मंदिरांकडे. एका ओळीत उभी सहा दगडी शिखरं : तीन विष्णूची, तीन शिवाची. लक्ष्मीनारायण, राधाकृष्ण, लक्ष्मी दामोदर. चंद्रगुप्त महादेव, गौरीशंकर आणि त्र्यंबकेश्वर. शेवटचं नाव ऐकून मराठी माणसाचे पाय थबकतातच. शिखरांची घडण आपल्या ओळखीची, मैदानी प्रदेशातली नागर शैली. पण माथ्याकडे नीट पाहा. आमलकाच्या, म्हणजे शिखराच्या टोकाशी असलेल्या गोल दगडी चकतीच्या वर लाकडाची गोल, उतरती छत्री बसवलेली आहे. इथे बर्फ पडतो, पाऊस झोडपतो. छत्री ते बाहेरच्या बाजूला सोडून देते आणि खालचं कोरीव काम वाचतं. मैदानातलं मंदिर पहाडात आलं, तेव्हा पहाडाने त्याच्यासाठी केलेली ही सोय. मला या आवारातलं सगळ्यांत सुंदर काम हेच वाटतं.

इथली एक आठवण अभिमानाने सांगितली जाते. १६७८ मध्ये औरंगजेबाने मंदिरं पाडण्याचा हुकूम पाठवला, तेव्हा राजा छत्रसिंहाने ती पाडली तर नाहीतच, उलट शिखरांवर सोन्याचा मुलामा दिलेले कळस चढवले.

जवळच हरिराय मंदिर आहे. आतली चतुर्मुखी विष्णूची धातूची मूर्ती १९७१ साली चोरीला गेली. परदेशी निघालेल्या जहाजावरून ती परत मिळवली आणि पुन्हा याच गाभाऱ्यात बसवली. मूर्ती संग्रहालयाच्या काचेआड न जाता पूजेत परतली, याचं समाधान दर्शनाला उभं राहिल्यावर मनापासून वाटतं.

पण चंब्याची खरी गोष्ट शहराच्या वरच्या अंगाला, सुई मातेच्या मंदिराशी आहे.

नवी राजधानी वसली, पण पाणी नव्हतं. राजाने दूरच्या ओढ्यावरून पाट काढला, तरी पाणी काही पाटात शिरेना. कथा अशी की राजाला दृष्टांत झाला : राजघराण्यातलं कुणी बळी गेलं, तरच पाणी येईल. राणी सुनयना पुढे झाली. तिला जिवंत गाडलं आणि पाणी वाहू लागलं. तीच ही सुई माता.

तळ्याला पाणी लागावं म्हणून सून दिल्याच्या कथा आपल्या लोकपरंपरेतही आहेत. त्या ऐकताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. बळी जाणारी नेहमी घरातली बाई असते, हे विसरून या कथेकडे नुसती भक्तीने पाहता येत नाही. चंब्याच्या बायका ते विसरलेल्या नाहीत. चैत्रातली सुई मातेची जत्रा परंपरेने बायकांची आणि मुलांची. त्या राणीची गाणी म्हणत या पायऱ्या चढतात. या पायऱ्याही बांधल्या एका राणीनेच, राजा जीतसिंहाच्या शारदा राणीने. खालच्या ओळीतलं राधाकृष्णाचं मंदिर तिचंच, १८२५ सालचं.

पाण्याशी जोडलेली आठवण या मुलखात दगडावरही कोरली जाते. १९०८ साली उघडलेल्या भुरीसिंह संग्रहालयात या उंच शिळा पाहा. गेलेल्या माणसाच्या नावाने डोंगरातल्या झऱ्यावर अशी शिळा उभारायची, तिच्यावर वरुण आणि इतर देव कोरायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची तहान भागली की पुण्य त्या माणसाला. याच इमारतीत चंबा रुमालही आहेत. रेखाटन दरबारी चित्रकारांचं, रेशमी टाका बायकांचा. आणि तो असा, की उलट आणि सुलट बाजू सारखीच दिसते. हे रुमाल नीट निरखून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

चंब्याहून साठेक किलोमीटरवर, रावीच्या खोऱ्यातून वर गेलं की भरमौर. ही जुनी राजधानी, गद्दी मेंढपाळांचा मुलूख. चौरासी मंदिरांच्या आवारात देवदारांच्या सावलीत हे लक्षणा देवीचं मंदिर उभं आहे. बाहेरून पहाडी घरासारखं साधं, उतरत्या छपराचं. दारापाशी या, आणि सातव्या शतकाच्या अखेरीचं लाकूड तुमच्याशी बोलू लागतं : चौकटीवरचे देव, वेली, खांब, छत. गाभाऱ्यात महिषासुरमर्दिनी. महिषाचं शेपूट धरून तिने त्याला वर उचललंय, पाय त्याच्या डोक्यावर, त्रिशूळ मानेत.

मूर्तीच्या पायथ्याशी लेख आहे. घडवून घेणारा राजा मेरुवर्मन. आणि घडवणारा गुग्गा. आपल्या देशात हजारो मूर्ती पाहिल्या, तरी शिल्पकाराचं नाव क्वचितच हाती लागतं. इथे ते राजाच्या नावासोबत, देवीच्या पायाशी आहे. म्हणूनच ते मोठ्याने वाचावंसं वाटतं : गुग्गा.

जन्माष्टमी ते राधाष्टमी या दिवसांत मणिमहेशची, म्हणजे शिवाच्या पवित्र सरोवराची यात्रा याच गावातून पुढे जाते. हडसरपर्यंत गाडी, तिथून पायी चढ, आणि चार हजार मीटरहून उंचावरचं ते सरोवर. पण जाणते यात्रेकरू आधी भरमौरच्या वर, भरमाणी देवीकडे वळतात. ही जागा मुळात देवीची. शिवाने तिला वर दिला, अशी इथली श्रद्धा आहे, की माझ्याकडे येणाऱ्याने पहिलं स्नान तुझ्या कुंडात करावं, नाहीतर त्याची यात्रा पुरी होणार नाही. त्यामुळे हडसरच्या गाडीत बसण्याआधी माणसं टॉवेल खांद्यावर टाकून तिच्या कुंडाचा चढ चढत असतात.