आँजेचा किल्ला: दोन दगड आणि सतरा बुरूज

(मेन नदीच्या पलीकडच्या काठावरून किल्ल्याचे संथ दृश्य)

पश्चिम फ्रान्समधील आँजे शहरात मेन नदीच्या काठावर एक उंच खडक आहे आणि त्या खडकावर हा किल्ला उभा आहे. दुरूनही नजरेत भरतात ते त्याच्या बुरुजांवरचे पट्टे: काळसर दगडाचे रुंद थर आणि त्यांच्यामधून बुरुजाला वेढा घालत जाणाऱ्या पांढऱ्या दगडाच्या ओळी.

आँजे ही आँजू प्रांताच्या काउंटांची, म्हणजे तिथल्या सत्ताधारी सरदारांची, राजधानी. याच घराण्यातील दुसरा हेन्री ११५४ साली इंग्लंडचा राजा झाला, आणि पुढे पन्नास वर्षांनी फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने त्याच्या वारसाकडून हा प्रदेश हिसकावून घेतला. शेजारच्या ब्रिटनीचा ड्यूक इंग्लंडच्या बाजूला झुकल्यावर आँजे हे फ्रान्सचे सीमेवरचे ठाणे ठरले. फ्रान्सचा राजा नववा लुई तेव्हा अजून वयात आलेला नव्हता. कारभार त्याची आई, कॅस्टीलची ब्लांश, पाहत होती. तिच्या आज्ञेने १२३०च्या दशकात काउंटांच्या जुन्या वाड्याभोवती ही तटबंदी उभी राहू लागली. या तटबंदीसाठी कित्येक घरे पाडली गेली आणि सँ-लो चर्चच्या धर्मगुरूंनाही जागा सोडावी लागली.

(बुरुजाच्या पायथ्याचे, नंतर दगडी सांध्यांचे जवळून दृश्य)

इतिहासात नाव राहिले ते ब्लांशचे. पण हा तट पाहताना पाथरवट आणि गवंडी यांच्याकडे आधी लक्ष जावे, असे आम्हाला मनापासून वाटते. काळा दगड आहे शिस्ट. तो इथल्याच भूमीतला असून किल्ल्याखालचा खडकही त्याचाच आहे. हा दगड टणक खरा, पण तो पापुद्र्यांनी सुटतो आणि त्याचे चौकोनी चिरे घडवणे अवघड जाते. म्हणून त्याचे लहानमोठे तुकडे चुन्यात बसवत भिंत वर न्यावी लागते, आणि अशा भिंतीची पातळी राखणे हे कौशल्याचे काम असते. पांढरा चुनखडीचा दगड मात्र छिन्नीखाली सहज घडतो. ठरावीक उंचीवर त्याच्या नीट घडवलेल्या चिऱ्यांचे थर घातले, की खालची ओबडधोबड भिंत एका पातळीत येते, बांधली जाते आणि पुढचे काम त्या सरळ रेषेवरून सुरू करता येते. या पट्ट्यांमुळे किल्ला सुंदर दिसतो हे खरेच, परंतु ते सौंदर्य बांधकामाच्या गरजेशी इतके एकजीव झाले आहे की दोन्ही वेगळी करता येत नाहीत.

तटाची लांबी अर्ध्या किलोमीटरहून अधिक आहे आणि त्यावर सतरा बुरूज आहेत, प्रत्येकाचा व्यास सुमारे १८ मीटर. बुरुजांचा पाया बाहेरच्या बाजूला उतरता ठेवला आहे, त्यामुळे पायथ्याशी भिंत अधिक जाड होते आणि सुरुंग लावणे कठीण जाते. भिंतीतल्या उभ्या, अरुंद जंग्यांमधून तिरंदाज एका बुरुजावरून शेजारच्या बुरुजाचा पायथा राखू शकत. नदीच्या बाजूला कडा तुटलेला असल्याने तिथे बुरुजांची गरजच भासली नाही.

(उत्तरेकडील उंच बुरूज)

सतरापैकी हा एकच बुरूज आपली मूळ उंची टिकवून आहे. एके काळी याच्या माथ्यावर पवनचक्की होती, म्हणून त्याला गिरणीचा बुरूज म्हणतात. बाकीचे सोळा बुरूज तटाच्या उंचीपर्यंत उतरवले गेले, आणि ती हकिकत सांगण्यासारखी आहे. १५८५ साली ह्यूगनो पंथीयांनी, म्हणजे फ्रान्समधील प्रोटेस्टंटांनी, अचानक किल्ला घेतला. तो परत मिळताच, पुन्हा शत्रूच्या हाती पडू नये म्हणून फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री याने तो पाडून टाकण्याचा हुकूम काढला. काम किल्लेदार दोनादिओ द प्युईशारिक याच्याकडे आले. त्याने हुकूम मोडला नाही, पण घाईही केली नाही. टोकदार छपरे उतरली, बुरुजांचे माथे उतरले, आणि मोकळ्या झालेल्या सपाट जागा तोफा ठेवण्यास योग्य ठरल्या. १५८९ साली राजाचा खून झाला आणि पाडकाम थांबले. ज्या हुकुमाने किल्ला नाहीसा व्हायचा, त्याच हुकुमाच्या अंमलबजावणीत तो तोफांच्या काळासाठी सज्ज झाला. या किल्लेदाराचे ऋण आँजेने मानलेच पाहिजे.

पुढे इथे तुरुंग झाला, लष्कराचे कोठार झाले आणि दुसऱ्या महायुद्धात बाँबफेकीने मोठी हानी झाली.

(दालनातील अंधूक प्रकाशात विणलेला चित्रपडदा)

आँजूचा ड्यूक पहिला लुई याने १३७५च्या सुमारास बायबलमधील अखेरच्या ग्रंथावर आधारित हा भव्य विणलेला चित्रपडदा करवून घेतला. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर त्याचे तुकडे करून ते झाडे झाकायलाही वापरले गेले. तरी सुमारे १०० मीटर लांबीचा भाग आज शिल्लक आहे. त्यासाठी किल्ल्याच्या आवारात स्वतंत्र दालन बांधून ते १९५४ साली खुले करण्यात आले. जानेवारी २००९ मध्ये किल्ल्यातील राजनिवासाला आग लागून त्याचे छप्पर जळाले, ते नंतर पुन्हा बांधले गेले. दालन वेगळे असल्याने चित्रपडद्याला या आगीची झळ लागली नाही.