न आलेल्या वादकाची जागा

मित्रहो, तुरुंगातल्या संगीताविषयी बोलताना आपण सहसा कैद्यांच्या मनःशांतीपासून सुरुवात करतो. मला आज तिथे जाऊन शिकवणाऱ्यांविषयी बोलायचे आहे. त्यांची मोठी अडचण सुरातालाची नसते. सोमवारी शिकलेला माणूस मंगळवारी येईलच असे नाही. त्याची न्यायालयात तारीख असते, घरच्यांची भेट ठरलेली असते, रातोरात दुसऱ्या तुरुंगात बदली झालेली असते, किंवा काही कारणाने सगळ्यांनाच कोठडीत कुलूपबंद ठेवलेले असते. म्हणून गैरहजेरी गृहीत धरून बांधलेले संगीतच तिथे तग धरते, असे माझे मत आहे.

‘गुड व्हायब्रेशन्स’ ही संस्था २००३ पासून ब्रिटनमधील तुरुंगांत गामेलान शिकवते. गामेलान म्हणजे जावा आणि बाली बेटांवरचा, मुख्यतः काशाच्या वाद्यांचा वृंद. लंडनच्या कैद्याला जावाचे वाद्य कशाला, असे प्रथम वाटते; पण तिथे जवळपास कोणीच ते पूर्वी वाजवलेले नसल्यामुळे गिटारवर हात बसलेला आणि अजिबात न बसलेला, दोघे एकाच पायरीवर येतात. काही स्वरपट्ट्यांवर वाजणारी मूळ चाल नवख्यालाही लवकर हाती लागते. समोर उभे राहून हात हलवणारा संचालक नसतो. भजन चढवताना आपला पखवाजी जसा सगळ्यांना ओढून नेतो, तसा केंदांग हा दोन तोंडांचा ढोल लय सांभाळतो. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी मोठा गाँग पडतो. मध्येच वाट चुकलेल्याला तिथून पुन्हा सामील होता येते आणि शेजारच्याची जागा रिकामी असली तरी आवर्तन पुढे जाते. जोडे काढून बसायचे, वाद्य ओलांडायचे नाही, हे नियम शिक्षकाला तिथे समजावून सांगावे लागतात. तबल्याला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या आपल्याला ते सांगावे लागले नसते. हा उपक्रम बहुधा आठवडाभराचा असतो आणि शेवटी छोटा कार्यक्रम होतो.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ओकडेल तुरुंगात मेरी कोहेन या विद्यापीठातल्या प्राध्यापिकेने २००९ मध्ये उभे केलेले गायकवृंदाचे काम वेगळ्या जातीचे होते. आतले कैदी आणि बाहेरचे नागरिक एकत्र उभे राहून गात, कैदी स्वतः गाणी लिहीत आणि कार्यक्रमही तुरुंगातच होत. समूहगायनात खर्जाचे दोन आवाज कमी झाले की सगळ्यांनाच ते जाणवते, त्यामुळे इथे टिकून राहण्याला फार मोल होते. २०२० मध्ये महासाथ आली, बाहेरच्यांना तुरुंगाचे दार बंद झाले आणि निम्मा वृंदच त्या दाराबाहेर राहिला.

वेन क्रेमर या गिटारवादकाने ही गोष्ट दोन्ही बाजूंनी पाहिली होती. १९७०च्या दशकात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाल्यावर केंटकीतल्या तुरुंगात त्याला रेड रॉडनी हा नामवंत जॅझ ट्रम्पेटवादक भेटला, तोही कैदीच. तिथला शिक्षक संध्याकाळी घरी जाणारा नव्हता. पुढे बिली ब्रॅग या इंग्रज गायकाने २००७ मध्ये सुरू केलेल्या ‘जेल गिटार डोअर्स’ या उपक्रमाची अमेरिकन शाखा क्रेमरने २००९ मध्ये काढली. तिचे मुख्य काम तुरुंगांना गिटारी देणे. शिकवणारा परत गेला तरी गिटार मागे राहते. मात्र तिची तार तुटली, तर नवी तार आत नेण्याची परवानगी पुन्हा बाहेरच्याच कोणाला तरी काढावी लागते.