गुडघा दुखतो, रिपोर्ट नॉर्मल

श्रोतेहो, नमस्कार. गुडघे दुखतात म्हणून ईएसआर, सीआरपी या अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून आणतात, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, "बघ आई, काही निघालं नाही." हा त्या आईवर अन्याय आहे.

सीआरपी यकृतात तयार होतं आणि अंगात मोठा दाह असला की वाढतं. झिजेच्या संधिवातात कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीचे, बारीक कण सांध्याच्या आतल्या अस्तराला चिडवतात, तेवढंच सुजतं. रक्तात त्याची चाहूल लागेलच असं नाही. उलट वजन जास्त असेल तर सीआरपी थोडं वाढलेलं दिसतं. ईएसआर तर वयानं आणि रक्त कमी असल्यानंही वाढतो. या तपासण्या लागतात आमवाताची किंवा जंतुसंसर्गाची शंका आली तर. गुडघा अचानक लाल, गरम झाला, अंगात ताप आहे, पाय टेकवत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. तेव्हा सांध्यातलं पाणी सुईनं काढूनच तपासावं लागतं.

आता औषध. सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दुखणं कमी होतं, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. म्हणून सुरुवात डायक्लोफेनॅक जेलनं करावी. रक्तात फार थोडं उतरतं. पण लावायचं पुरेसं. एका गुडघ्याला एका वेळी चार ग्रॅम, तेही दिवसातून तीन-चार वेळा. तीनदा लावलं तरी 30 ग्रॅमची ट्यूब अडीच दिवसांत संपते. तीच ट्यूब महिनाभर पुरवली तर गुण कसा येणार? गुडघ्याच्या चारी बाजूंनी लावा, वर शेक देऊ नका, हात धुवा.

गोळी लागलीच तर कमी डोस, थोडे दिवस. जेवून घेतली म्हणजे अल्सर होत नाही, हा गैरसमज आहे; ती रक्तातूनही जठराचं संरक्षण काढून घेते. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर गोळी बंद आणि थेट दवाखाना. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, त्यात ही तिसरी पडली, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. जुलाब-उलट्या झाल्या तर धोका आणखी वाढतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊच नये. दिलीच, तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ताची तपासणी, आधी करावी आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा.

घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांच्या सगळ्या पट्ट्या आज शेजारी शेजारी ठेवा आणि मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. दोन पट्ट्यांवर अ‍ॅसिक्लोफेनॅक, म्हणजे सूज उतरवणारं एकच औषध, असेल, तर त्यातली एकच घ्यायची.