मावशी पडद्यावर

रविवार, सकाळचे साडेनऊ. नागपुरात सीताबर्डीवरच्या या टॉकीजसमोर रांग लागली आहे. तर्री पोह्यांचा वास अजून बोटांना आहे आणि रांगेतल्या कित्येकांना नाटक आधीपासूनच पाठ आहे. हो, नाटक. आज इथे 'मोरूची मावशी'चं चित्रीकरण मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत.

गोष्ट मूळची इंग्लंडची. ब्रँडन थॉमस यांचं 'चार्लीज आन्ट' १८९२ साली रंगमंचावर आलं आणि लंडनमध्ये त्याचे १४६६ प्रयोग झाले. आवडत्या मुलींना घरी बोलवायचं, तर कुणीतरी वडीलधारी बाई हवी. ती वेळेवर पोचत नाही, म्हणून मित्रालाच बाई करून बसवायचं. आचार्य अत्र्यांनी तिला अशी मराठी केली की आता तिचं माहेर कुणी विचारत नाही.

मावशी झालेले विजय चव्हाण येतात. नाट्यगृहात मागच्या रांगेतून चाल दिसायची, पदराचा झटका दिसायचा. इथे चेहराच पुरुषभर उंच. वाक्य टाकून क्षणभर थांबलेले डोळे दिसतात.

त्या थांबण्याकडे नीट बघा. विनोदी नट वाक्य टाकतो, हशा चढू देतो, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य घेतो. रोजचा प्रेक्षक वेगळा, म्हणून रोजचं थांबणंही वेगळं. चित्रीकरणात मात्र ते कायमचं ठरून गेलंय, त्या दिवशीच्या प्रेक्षकांच्या मापाचं. नागपूर जास्त हसतं. पुढची दोन वाक्यं हशात बुडतात.

"अरे, ऐकू द्या ना भाऊ! काय हसून राह्यले इतके!" चौथ्या रांगेतल्या आजी वैतागतात. पुढच्याच मिनिटाला त्याही हसताहेत, तोंडाला पदर लावून.

विजय चव्हाण २०१८ साली गेले. आता त्यांना आपल्यासाठी थांबता येत नाही, हे मनाला लागतं. तरी असे खेळ टॉकीजमध्ये वरचेवर व्हायला हवेत. घरी मोबाइलवर एकट्यानं बघताना एकही वाक्य सुटत नाही, पण चारशे माणसांच्या हशात ते हरवण्यातलं सुख तिथे कुठून येणार?

'टांग टिंग टिंगा' सुरू होतं. पोरं खुर्च्यांमधल्या वाटेत नाचायला उतरतात. बॅटरीवाला त्यांना बसवायला येतो आणि भिंतीला टेकून तिथेच उभा राहतो.

गाणं संपतं. आजींचं पुन्हा एक वाक्य सुटलं. त्या शेजारच्या पोराला कोपरानं ढोसतात.

"काय म्हणाली रे ती?"