फेकून दिलेला आवाज

पोलादाच्या तीन ठोकळ्यांमध्ये बारीक मण्यांसारख्या काचेच्या भुकटीचे दोन थर दाबून भरले आहेत. कडेच्या ठोकळ्यांनी घट्ट धरलेला मधला ठोकळा दट्ट्या अतिशय सावकाश खाली रेटतो आहे. काही सेकंद सारे जागच्या जागी राहते, ताण साचत जातो आणि मग ठोकळा एकदम घसरतो. प्रयोगशाळेतला भूकंप तो हाच.

आता दोन घसरणींमधला आवाज ऐका. ठोकळ्याला चिकटवलेल्या संवेदकांत मण्यांची ही बारीक कुरकुर सतत उमटत असते, पण निव्वळ गोंगाट म्हणून ती बाजूला टाकली जाई. अमेरिकेतील लॉस अॅलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळेशी संबंधित संशोधकांनी २०१७ मध्ये नेमकी हीच कुरकुर संगणकाला ऐकवली. नोंदींचे छोटे छोटे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्यानंतर घसरणीला किती वेळ उरला होता, हे त्याला शिकवले. नंतर न ऐकवलेल्या नोंदींवर त्याची परीक्षा घेतली. आलेखातील दोन रेषा पाहा, एक प्रत्यक्ष उरलेल्या वेळेची आणि दुसरी संगणकाच्या अंदाजाची. त्या जवळजवळ एकमेकींना बिलगून चालतात. आधीचा इतिहास न पाहता, केवळ त्या क्षणीच्या आवाजातील चढउतार किती मोठे आहेत, यावरून संगणकाला मुख्यतः उत्तर सापडले होते.

कॅनडाच्या व्हँकूव्हर बेटाखाली समुद्रतळाचा भूपट्ट खंडाखाली शिरतो. तिथे साधारण दर १४ महिन्यांनी जमीन कोणालाही न जाणवता काही आठवडे हळूहळू सरकते. २०१८ मध्ये याच गटातील संशोधकांनी, जीपीएसने मोजलेली ती गती भूकंपमापकांतील अखंड कुजबुजीवरूनही ओळखता येते, हे दाखवून दिले.

मोठ्या विनाशकारी भूकंपाची वेळ आधी सांगणे मात्र आजही कोणाला साधलेले नाही. प्रयोगशाळेत दर काही सेकंदांनी घडणारी घसरण खऱ्या प्रस्तरभंगावर, म्हणजे जमिनीखालच्या खडकांतील भेगेवर, अनेक दशकांनी, कधी शतकांनी घडते, आणि एवढा काळ चाललेली नोंद संगणकाला शिकवायला उपलब्धच नाही. त्यातही, जागा वाचवण्यासाठी अनेक जुन्या यंत्रणा धक्का बसला तरच नोंद साठवत असत. दोन धक्क्यांमधली ती कुरकुर तेव्हा कुठेच उतरली नाही, आणि ती आता परत मिळवता येणार नाही.