लाट फुटते तेव्हा पाण्याखाली

नमस्कार श्रोतेहो.

किनाऱ्यावरून समुद्राची गाज आपण ऐकतोच. आज जरा पाण्याखाली कान लावू या. लाट कोसळताना हवा आत कोंडते आणि तिचे असंख्य बुडबुडे होतात. खालचा बराचसा आवाज या बुडबुड्यांचाच असतो.

नुकता जन्मलेला बुडबुडा थरथरतो. आतली हवा दबते, फुलते, भोवतालच्या पाण्याला हलवते. काही मिलिसेकंदांचाच खेळ, पण तेवढ्यात तो आपला सूर लावून जातो. हे गणित १९३३ साली मार्सेल मिनार्ट यांनी मांडलं, आणि ते होते खगोलशास्त्रज्ञ! एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पृष्ठभागाजवळ साधारण ३,३०० हर्ट्झला वाजतो. आकार दुप्पट झाला, की सूर निम्म्यावर येतो. ओढ्याची खळखळही यातूनच येते.

मला खरं नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. मोठे बुडबुडे चटकन वर येऊन फुटतात. बारीक मात्र खळबळीबरोबर काही मीटर खोल ओढले जातात आणि कित्येक मिनिटं तिथेच रेंगाळतात. आता ते स्वतः गप्प असतात आणि इतरांचा आवाज शोषून घेतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरची फार्मर आणि लेमन या संशोधकांची मोजमापं १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. जोराच्या वाऱ्यात उंच पट्टीतला आवाज वाढायचा थांबून चक्क उतरू लागतो, असं त्यांत दिसलं.

बुडबुडे आवाजाचा वेगही पाडतात. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर धावतो. पाण्यात शंभरात एक भाग हवा बुडबुड्यांच्या रूपात मिसळली, तर खर्जातल्या आवाजाचा वेग सव्वाशे मीटरच्याही खाली येतो, म्हणजे नुसत्या हवेतल्यापेक्षाही कमी. कारण मिश्रणाला वजन पाण्याचं असतं आणि दबण्याचा गुण हवेचा.

घरी करून बघा. कपात गरम पाणी घ्या, चमचाभर इन्स्टंट कॉफी टाकून ढवळा आणि लगेच चमच्याने तळाशी टकटक करत राहा. आधी आवाज खर्जात येतो. बुडबुडे विरत जातात तसा चढत जातो.

खवळलेल्या समुद्रात जहाजाच्या तळाखाली असे बुडबुडे शिरले, की खोली मोजणारं यंत्र आंधळं होतं. उत्तर समुद्रात मात्र पवनचक्क्यांचे खांब ठोकताना तळावर भोकांचा पाइप अंथरून मुद्दाम हवा सोडतात. बुडबुड्यांचा पडदा उभा राहतो आणि घणाचे ठोके तिथल्या पॉरपॉइज या डॉल्फिनच्या भाईबंदांपर्यंत पुष्कळ मंद होऊन पोचतात.